जेराल्डला खडकावर का बसू देत नाहीत?

वाचक भगिनीचे पत्र थोडक्यात असे आहे:

«आमच्या नऊ वर्षांच्या मुलीला ‘फाइंडिंग डोरी’ हा चित्रपट अतिशय आवडतो. सुट्टीत तिने तो अनेकदा पाहिला. त्यात दोन समुद्रसिंह एका खडकावर लोळत असतात आणि जेराल्ड नावाचा तिसरा, काहीसा वेंधळा दिसणारा समुद्रसिंह जवळ आला की ‘ऑफ, ऑफ’ असे भुंकत त्याला हुसकावून लावतात. आम्ही सगळेच त्यावर पोट धरून हसलो. शाळा सुरू झाल्यानंतर समजले की तिच्या वर्गातली मुले मधल्या सुट्टीत एका मुलाला कट्ट्यावर बसू देत नाहीत आणि तो जवळ आला की हेच ‘ऑफ, ऑफ’ ओरडतात. तो मुलगा सावकाश बोलतो, मध्येच स्वतःशी पुटपुटतो. माझी मुलगीही एकदा त्या ओरडण्यात सामील झाली. तिनेच मला रात्री हे सांगितले आणि विचारले, ‘आई, जेराल्डला खडकावर का बसू देत नाहीत? आणि आपण का हसलो?’ मला उत्तर देता आले नाही. पती म्हणतात, लहान मुलांचे कार्टून आहे, त्यात समाज आणि राजकारण शोधत बसू नकोस. माझे दीर म्हणतात, असल्या चित्रपटांतून मुलांच्या डोक्यात राजकारणच भरवतात, तेव्हा ते दाखवूच नका. चित्रपट बंद करू का? शाळेत बोलू का? मुलीला काय सांगू? आणि धाकट्या चार वर्षांच्या मुलाला आधीचा ‘फाइंडिंग निमो’ दाखवू की नको?»

सप्रेम नमस्कार.

तुमच्या मुलीने आपण होऊन ही गोष्ट सांगितली आहे, हे सर्वांत आधी लक्षात घ्यावे. जे मूल रात्री आईजवळ येऊन ‘मीही ओरडले’ असे कबूल करते, त्याला त्या कबुलीबद्दल शिक्षा मिळाली, तर पुढच्या वेळी ते काहीच सांगणार नाही. तेव्हा या प्रकरणात रागावणे, चित्रपट काढून घेणे किंवा ‘तुझ्यामुळे त्या बिचाऱ्याला किती वाईट वाटले असेल’ असे ऐकवणे, यांपैकी काहीही करू नये. तिला वाईट वाटलेलेच आहे; तेवढ्यासाठीच तर ती तुमच्याकडे आली.

तिने दोन प्रश्न विचारले आहेत आणि दोन्ही चित्रपटाच्या अगदी वर्मावर बोट ठेवणारे आहेत. ज्या प्रसंगावर तुम्ही हसलात तो पुन्हा एकदा नीट आठवून पाहा. मार्लिन आणि त्याचा मुलगा निमो हे दोन छोटे मासे, आईवडिलांच्या शोधात निघालेल्या डोरीला, म्हणजे आपल्या विसराळू निळ्या मैत्रिणीला, शोधत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील सागरी संस्थेच्या बाहेर येऊन पोहोचतात. आत जायला त्यांना मार्ग नसतो. फ्लूक आणि रडर हे खडकावरचे दोघे त्यांना मदत करायला तयार होतात. बेकी नावाच्या पाणपक्ष्याने चोचीत बादली धरून या माशांना पाण्यासकट उचलून न्यावे, असे ठरते. बादली असते जेराल्डकडे. मग एरवी ज्याला जवळही फिरकू देत नाहीत त्या जेराल्डला ते गोड बोलून खडकावर बोलावतात, जागेच्या बदल्यात त्याच्याकडून बादली घेतात, आणि काम होताच ‘ऑफ, ऑफ’ करून त्याला पुन्हा पाण्यात ढकलतात. बादली गेली आणि जागाही गेली. या व्यवहाराचा फायदा होतो तो आपल्या नायकांना, आणि ते त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. प्रेक्षकही काढत नाहीत, कारण कथानक पुढे धावत असते आणि आपल्याला डोरीची काळजी लागलेली असते.

आता तुमच्या पतीचे म्हणणे पाहू. चित्रपटात राजकारण शोधू नकोस, असे ते म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात बहुधा पक्ष, निवडणुका आणि घोषणा असाव्यात. त्या अर्थाने या चित्रपटात काहीही नाही, हे खरेच आहे. परंतु एखादी जागा कोणाच्या मालकीची, तिथे कोणी बसायचे, कोणी बसायचे नाही, आणि ज्याला बसू द्यायचे नाही त्याच्याकडून त्याची वस्तू मात्र कशी काढून घ्यायची, हा राजकारणाचा सर्वांत जुना विषय आहे, आणि तो समजण्यासाठी मतदानाचे वय लागत नाही. तुमच्या मुलीला तो समजला आहे. तिच्या वर्गातल्या मुलांनाही तो समजला. त्यांनी तर त्याची अंमलबजावणीच केली. कट्टा हा त्यांचा खडक झाला. ‘कार्टून आहे, सोडून दे’ हे उत्तर आता पुरेसे नाही, कारण मुलांनी ते सोडलेले नाही.

तुमच्या दिरांचे म्हणणे याच्या उलट दिसते, पण त्यामागची समजूत तीच आहे: चित्रपट एक आणि त्यात वरून मिसळलेले राजकारण वेगळे, अशी. तुमच्या दिरांनी कोणत्या गोष्टीवरून हे मत बनवले ते पत्रात नाही, म्हणून अंदाज करतो. ‘फाइंडिंग डोरी’ जून २०१६ मध्ये प्रदर्शित झाला. त्याआधी झलकेत क्षणभर दिसलेल्या, बाबागाडीजवळच्या दोन स्त्रिया जोडपे आहेत की काय, यावर अमेरिकेत मोठी चर्चा झाली होती. पडद्यावर जेमतेम काही क्षण दिसणाऱ्या त्या दोघींवर जेवढे बोलले गेले, तेवढे बिचाऱ्या जेराल्डवर नक्कीच बोलले गेले नसेल.

दुसरा प्रसंग अधिक बोलका आहे आणि तो तुमच्या पतींना आणि दिरांना, दोघांनाही सांगण्यासारखा आहे. २७ जानेवारी २०१७ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी सात मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांना अमेरिकेत येण्यास तात्पुरती बंदी करणारा आदेश काढला. विमानतळांवर निदर्शने सुरू झाली. दोनच दिवसांनी, २९ जानेवारीला, व्हाइट हाउसमधल्या चित्रपटगृहात ‘फाइंडिंग डोरी’ दाखवण्यात आला. डोरीला आवाज देणाऱ्या एलन डीजेनेरस यांनी त्यानंतर आपल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात, मी राजकारणावर बोलणार नाही, मी फक्त या कौटुंबिक चित्रपटाची गोष्ट सांगते, अशी प्रस्तावना करून कथानक सांगितले: डोरी ऑस्ट्रेलियात राहते, तिचे आईवडील अमेरिकेत आहेत, ती त्यांना शोधायला येते, मध्ये एक मोठी भिंत आहे, ती भिंत काही तिला थोपवू शकत नाही, आणि तिच्याशी कोणतेही साम्य नसलेले, वेगळ्या रंगांचे प्राणी तिला मदत करतात. सभागृहात हशा आणि टाळ्या झाल्या. त्यांनी कथेत एका शब्दाचीही भर घातली नव्हती, फक्त कोणता भाग मोठ्याने सांगायचा ते निवडले होते. हा चित्रपट तयार झाला तेव्हा तो आदेश अस्तित्वातही नव्हता. तरीही आईवडिलांपासून तुटलेल्या लेकराची गोष्ट त्या आठवड्यात ऐकणाऱ्याला दुसऱ्या कशाची आठवण होणे शक्यच नव्हते. यात कोणी कोणाच्या डोक्यात काही भरवले, असे म्हणता येत नाही.

तेव्हा चित्रपटात सामाजिक विषय आहेत का, या तुमच्या शंकेचे उत्तर ‘आहेत’ असेच आहे, आणि ते लपवलेलेही नाहीत. डोरीला नुकतेच घडलेले आठवत नाही. डेस्टिनी ही व्हेल शार्क आहे, तिला दूरचे दिसत नाही आणि ती भिंतींवर आपटत असते. बेलीला, म्हणजे शेजारच्या बेलुगा देवमाशाला, प्रतिध्वनीवरून वेध घेण्याची आपली शक्ती गेली आहे असे वाटते. हँक या ऑक्टोपसला आठऐवजी सातच बाहू आहेत. निमोचा एक पर, म्हणजे पोहण्याचा पंख, जन्मापासून लहान आहे. मुख्य पात्रांपैकी जवळजवळ प्रत्येकात काही ना काही उणीव आहे आणि बेली सोडला तर चित्रपट त्यांपैकी कोणालाही ‘बरे’ करून शेवट गोड करत नाही, ही मला या चित्रपटाची सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. डोरीची स्मरणशक्ती शेवटीही परत येत नाही. बदलते ते तिच्याभोवतीचे वागणे. तिच्या आईवडिलांनी तिला घरी परतता यावे म्हणून शिंपल्यांची रांग मांडून ठेवली होती, ‘शिंपल्यांच्या मागोमाग ये’ एवढेच तिला लक्षात ठेवायचे होते. ती हरवल्यानंतर त्यांनी काय केले ते शेवटाकडे दिसते: त्यांच्या समुद्रतळाच्या घरापासून सर्व दिशांना शिंपल्यांच्या रांगाच रांगा गेलेल्या असतात. लक्षात ठेवण्याचे ओझे लेकरावरून काढून त्यांनी ते रस्त्यावर ठेवले. अपंगत्वाबद्दल बोलणारे कार्यकर्ते कित्येक वर्षे हेच सांगत आले आहेत की माणसाला दुरुस्त करण्याआधी जिना, फलक, वर्गखोली आणि रस्ता दुरुस्त करावा.

आणि याच चित्रपटात जेराल्ड आहे. इथे चित्रपटाची बाजू घेण्याचे मला कारण दिसत नाही. जेराल्ड आणि बेकी या दोघांच्या चित्रणावर प्रदर्शनानंतर टीका झाली होती, आणि ती बौद्धिक किंवा मानसिक वेगळेपण असलेल्या व्यक्तींच्या बाजूने बोलणाऱ्यांनी, मुलांच्या पालकांनी केली होती. ती टीका रास्त आहे. जेराल्डच्या भुवया एकमेकींना जुळलेल्या, डोळे भलतीकडे पाहणारे. बेकीची पिसे विस्कटलेली, डोळे लाल. पाहताक्षणी हसू यावे असेच ते रेखाटले आहेत. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे या दोघांना धड एक वाक्यही बोलायला मिळत नाही. डोरी विसरते, पण ती अखंड बोलते, म्हणून तिचे मन आपल्याला कळते. डेस्टिनी बोलते, हँक तर बोलून बोलून भांडतो. फ्लूक आणि रडरला इद्रिस एल्बा आणि डॉमिनिक वेस्ट यांच्यासारख्या नामवंत नटांचे आवाज आहेत. जेराल्डला बादली आहे आणि त्याच्या घशातून निघणारे काही आवाज आहेत. ज्याची बाजू ऐकायलाच मिळत नाही त्याच्यावर हसणे सोपे जाते. तुमच्या मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाचे, ‘आपण का हसलो’ याचे, माझ्या मते हेच खरे उत्तर आहे, आणि नऊ वर्षांच्या मुलीला ते कळू शकते.

ते कसे सांगावे? प्रवचनाने नव्हे. मुलांना चित्रपटावर प्रवचन दिले की पुढच्या वेळी ती चित्रपट एकटीच पाहणे पसंत करतात. तो खडकाचा प्रसंग तिच्याबरोबर पुन्हा पाहा, आणि शक्य असल्यास एकदा आवाज बंद करून पाहा; भुंकणे ऐकू आले नाही की हसू कमी होते आणि खडकावर किती जागा रिकामी आहे तेही दिसते. मग तिला विचारा की जेराल्डला बोलता आले असते तर तो काय म्हणाला असता. एवढा एक प्रश्न पुरे. ती जे सांगेल ते ऐकून घ्या, त्यात भर घालू नका. ‘तो म्हणाला असता, माझी बादली परत द्या’ असे ती म्हणाली, तर समजा की ती तुमच्या-माझ्यापेक्षा पुढे आहे. ती विषय बदलेल तेव्हा तुम्हीही बदला. आणि तुम्हीही हसला होतात, हे तिच्यापासून लपवू नका. ‘मीही हसले, कारण त्यांनी तो हसण्यासाठीच काढला होता’ असे सरळ सांगा. हसणे हा गुन्हा नाही. पडद्यावरच्या चित्रावर हसणे आणि वर्गातल्या मुलाला कट्ट्यावरून उठवणे यांतला फरक तिला कळतो. कळत नसता तर तिने तुम्हाला विचारलेच नसते.

चित्रपट बंद करू नये. त्याने होईल एवढेच की वर्गातली इतर मुले ओरडत राहतील आणि तुमच्या मुलीला मात्र ते कुठून आले हे बोलण्याची सोय उरणार नाही. शिवाय या चित्रपटाने तिला खडकही दाखवला आणि शिंपलेही दाखवले. एक काढून घ्यायचा तर दुसरेही जातात.

शाळेत मात्र अवश्य बोलावे, आणि लवकर बोलावे. वर्गशिक्षकांना एकटे भेटा. आपल्या मुलीचे नाव सांगावे, कारण ते सांगण्याचा तुम्हाला अधिकार आहे. इतर मुलांची नावे सांगू नयेत, कारण त्यांनी नक्की काय केले हे तुम्हाला ऐकूनच माहीत आहे आणि नावांची यादी दिली की चौकशी सुरू होते, मग शिक्षा होते आणि शेवटी त्याचा राग त्या मुलावरच निघतो. शिक्षकांना मधल्या सुट्टीत त्या कट्ट्याकडे लक्ष ठेवण्याची, बसण्याच्या जागा काही दिवस गटागटाने ठरवून देण्याची, किंवा त्या मुलाला जे चांगले जमते ते वर्गात एखाद्या कामातून पुढे आणण्याची विनंती करता येईल. सर्वांसमोर क्षमा मागायला लावण्याचा प्रकार शाळेने सुचवला, तर नम्रपणे नकार द्यावा. त्यात क्षमा मागणाऱ्यापेक्षा ज्याची मागायची त्याचीच अधिक शोभा होते: सगळा वर्ग पुन्हा त्याच्याकडेच पाहत असतो. तुमच्या मुलीने त्याच्या शेजारी जाऊन बसणे, किंवा आपल्या शेजारी जागा करून ‘ये’ म्हणणे, एवढे ती स्वतः करू शकते. करायलाच हवे असे बंधन घालू नका. एकट्या मुलाने घोळक्याविरुद्ध जाणे मोठ्यांनाही सहजासहजी जमत नाही. एखादी मैत्रीण बरोबर असेल तर ते पुष्कळ सोपे होते.

या संदर्भात आधीच्या चित्रपटातला जाळ्याचा प्रसंग तिच्या उपयोगी पडेल. ‘फाइंडिंग निमो’च्या शेवटी डोरी मासेमारीच्या जाळ्यात शेकडो माशांबरोबर अडकते. निमो जाळ्यात शिरतो आणि सर्वांना एकाच वेळी खाली पोहायला सांगतो. एकेकटा मासा धडपडत असतो तोवर जाळे वरच जात राहते. सगळे एका दिशेने जोर लावतात तेव्हा दोर तुटतो. त्या वेळी निमोच्या बापाला त्याला जाळ्यात जाऊ देणे भाग पडते, आणि तो प्रसंग मला नेहमीच बापाच्या बाजूने अधिक अवघड वाटतो. तुम्हालाही मुलीला ‘तू यात पडू नकोस’ असे सांगावेसे वाटेल. सांगू नका.

त्या मुलाच्या आईशी बोलावे का, हे तुम्ही विचारलेले नाही, तरी मनात असेल. ओळख असेल तर बोला, पण दयेच्या सुरात नको. चित्रपटात लहानगी डोरी आईला रडताना ऐकते. या पोरीचे पुढे कसे होणार, अशा चिंतेत आई असते. ते ऐकून आईला बरे वाटावे म्हणून डोरी तिच्या आवडीचा जांभळा शिंपला आणायला जाते आणि प्रवाहात ओढली जाऊन हरवते. म्हणजे ही सगळी गोष्ट सुरू होते ती लेकराच्या कानावर पडलेल्या मोठ्यांच्या काळजीने. त्या मुलासमोर त्याच्याबद्दल हळहळ व्यक्त करणे, ‘बिचारा’ म्हणणे, हे सर्वांनीच टाळावे. त्याला खेळायला बोलवायचे असेल तर जसे इतर मुलांना बोलावता तसेच बोलवावे.

मार्लिनबद्दलही मुलीशी कधीतरी बोलता येईल. तो प्रेमळ बाप आहे, आणि तोच डोरीला रागाच्या भरात म्हणतो की तिकडे जाऊन थांब आणि विसरून जा, तेच तुला चांगले जमते. निमो त्याला हे विसरू देत नाही. चांगल्या माणसाच्या तोंडूनही असे बोलणे निघते आणि त्याचे त्यालाच निस्तरावे लागते, हे मुलीला आत्ता तरी फार उपयोगाचे आहे.

तुमच्या दिरांना ज्या राजकारणाची भीती वाटते ते या चित्रपटात जिथे खरोखर आहे, तिथे ते कोणाची बाजू सरळ घेत नाही, हेही सांगावे लागेल. ती सागरी संस्था जखमी प्राण्यांना आणते, बरे करते आणि समुद्रात परत सोडते. तसे ध्वनिक्षेपकावरून वारंवार सांगितलेही जाते. डोरीही तिथे पोहोचते ती गळ्यात प्लॅस्टिकच्या कड्या अडकल्यावर, त्या संस्थेच्याच माणसांच्या हातून सुटून. तीच संस्था काही प्राण्यांना मात्र दूरच्या शहरातल्या काचेच्या टाकीत कायमचे पाठवते. आणि मुलांना प्राण्यांना हात लावता यावा म्हणून केलेल्या उथळ पाण्याचा जो भाग आहे, तिथे कॅमेरा पाण्याखाली ठेवला आहे: वरून आभाळातून कोसळावेत तसे लहान मुलांचे हात येतात, बोटे खुपसतात, तारामासे आणि इतर प्राणी जीव मुठीत धरून पळतात. पाहणारे मूल स्वतःचाच हात समुद्राच्या बाजूने पाहते. मला तरी संपूर्ण चित्रपटात याहून धीट असे दुसरे दृश्य सापडत नाही.

हँकला तर समुद्र नकोच असतो. त्याला काचेच्या पेटीत एकट्याने, कोणी न छेडता राहायचे आहे, म्हणून तो डोरीची मदत करतो. सुरक्षित कोंडवाडा हवा की धोक्याचे मोकळे पाणी, हा प्रश्न त्याच्या रूपाने येतो आणि त्याचे मन शेवटी वळते खरे, पण त्याच्या भीतीची थट्टा होत नाही. चित्रपट तयार होत असताना, २०१३ मध्ये, बंदिवासातल्या ऑर्का देवमाशांवरचा ‘ब्लॅकफिश’ हा माहितीपट आला. तो पाहिल्यानंतर डोरीच्या निर्मात्यांनी आपल्या चित्रपटाचा शेवट बदलला आणि प्राण्यांना जलोद्यानातून बाहेर पडण्याचा पर्याय ठेवला, असे त्या वेळी वृत्तपत्रांत छापून आले होते. त्याच दबावाच्या काळात, मार्च २०१६ मध्ये, सीवर्ल्ड या अमेरिकी जलोद्यान कंपनीने ऑर्कांचे प्रजनन थांबवत असल्याचे जाहीर केले. तेव्हा मुलांच्या चित्रपटाने समाजाला काही शिकवण्याआधी समाजातल्या वादाने त्या चित्रपटाला घडवले, असा हा उलटा क्रम आहे, आणि दिरांशी चर्चा झाली तर तो जरूर सांगावा. वाद घालू नका. घरच्या वादात मुलीचा प्रश्न बाजूला पडेल.

समुद्रातल्या कचऱ्याचा, बुडालेल्या मालवाहू पेट्यांचा, प्लॅस्टिकचा भाग मुलगी आपोआप टिपेल. त्यावर फार भर देऊ नये. नऊ वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर महासागरांची जबाबदारी टाकण्यात अर्थ नाही. एक गोष्ट मात्र प्रत्यक्ष करण्याजोगी आहे: तिने डोरीसारखा निळा मासा घरी आणायचा हट्ट धरला, तर नाही म्हणा आणि कारण सांगा. त्या जातीचे, म्हणजे ब्लू टँगचे, विक्रीला येणारे मासे अनेक वर्षे समुद्रातूनच पकडून आणले जात. बंदिस्त टाकीत त्यांची पैदास करण्यात फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांना २०१६ मध्ये, म्हणजे चित्रपट आला त्याच वर्षी, पहिल्यांदा यश आले. चित्रपटामुळे अशा माशांची खरेदी वाढली, असे सर्रास सांगितले जाते. परंतु ऑक्सफर्डच्या संशोधकांच्या सहभागाने २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लोकांनी इंटरनेटवर माशाचा शोध अधिक घेतला तरी आयात वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. म्हणजे मुलांना सगळे काही विकत घ्यावेसे वाटते, असे नाही. बऱ्याचदा त्यांना नुसते जाणून घ्यायचे असते.

राहिला धाकट्याचा प्रश्न. ‘फाइंडिंग निमो’ (२००३) आणि ‘फाइंडिंग डोरी’ या दोन्ही चित्रपटांत सुरुवातीलाच आईवडिलांपासूनची ताटातूट आहे, पण निमोतली अधिक भयंकर आहे: पहिल्याच काही मिनिटांत बाराकुडा मासा हल्ला करतो, निमोची आई आणि चारशेहून अधिक अंडी नाहीशी होतात आणि एकच अंडे उरते. आई मारली जाताना प्रत्यक्ष दाखवलेली नाही, तरी चार वर्षांच्या मुलाला रिकामे घर पुरेसे कळते. तो भाग सोडून, निमोच्या शाळेच्या पहिल्या दिवसापासून चित्रपट सुरू करावा. कथा समजायला काहीही अडत नाही, आई कुठे आहे असे विचारले तर ती नाही असे सांगावे. पुढे शार्कचा पाठलाग आणि खोल समुद्रातल्या दिवेवाल्या माशाचा भाग येतो, तेव्हा शेजारी बसा. डोरीमधला अवाढव्य माकूलाचा पाठलागही असाच आहे. थोरलीला त्याच्याबरोबर बसवायला हरकत नाही, मात्र पुढे काय होणार ते आधीच सांगण्याची तिची सवय असेल, तर त्याला घाबरवून टाकण्याचे काम तीच करील, तेव्हा तिला आधी तंबी द्यावी.